उशांचे अभ्रे

सरकारी रुग्णालयाच्या खरेदी विभागाबाहेर एक रंगारी भिंती रंगवण्याच्या कामासाठी ताटकळला होता. बाकावर शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. दोघींचा मिळून शिवणाचा कारखाना होता. त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

“ताई, यंदा बायकांच्या कारखान्यांसाठी वेगळा वाटा ठेवलाय. पेशंटचे गाऊन आपल्यालाच मिळतील बघा.”

“तुझ्या तोंडात साखर पडो. इतकी वर्षं शिवले आपणच, पण ठेकेदाराच्या हाताखाली.”

“आणि गळ्याशी लेबल त्याचं.”

“तेही आपणच शिवायचं! सासूबाई शेवटी इथंच होत्या ना, तेव्हा अंगावर आपलाच गाऊन होता. शिवण चाचपून नर्सला म्हणाल्या, माझ्या सुनांनी शिवलाय.”

“अगंबाई! मग?”

“नर्सनं लेबल वाचलं. म्हणाली, आजी, हा तर कंपनीचा. तिला वाटलं, म्हातारी तापात बरळतेय. मी काही बोलेपर्यंत ती पुढच्या खाटेकडे गेलीसुद्धा.”

“आणि सासूबाई?”

“माझ्याकडे बघत राहिल्या.”

दार उघडलं. कारकून बाहेर आला.

“शिवणवाल्या बाई, गाऊन जुन्या ठेकेदारालाच गेले. तुमच्या वाट्याला उशांचे अभ्रे आलेत. करणार?”

“करू की,” थोरली म्हणाली. “साहेब, अभ्र्याला आमचं लेबल लावलं तर चालेल?”

“लावा. पण उशीवरचं नाव कोण वाचतंय?”

“ज्यांना रात्रभर झोप लागत नाही, ते वाचतात हो.”