पूर्ण आडवी होणारी खुर्ची

(जळगाव, मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तिकिटांचं दुकान. मंगळवार, दुपार.)

हितेंद्र : ...पूर्ण म्हणजे पूर्ण, आबा. पलंगच समजा. उशी देतात, पांघरूण देतात. स्वप्नीलला पाठ टेकवून न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत सरळ पडून येता येईल.

भिकन : आमच्या एसटीलाही निमआराम म्हणायचे. उतरेपर्यंत मान मोडायची. मी भडगाव डेपोत कंट्रोलर होतो हितेंद्रभाऊ, मला खुर्च्यांचं सांगू नका.

हितेंद्र : हा फोटो बघा ना. हा बिझनेस क्लास. साध्या वर्गातली खुर्ची चार बोटं मागे जाते, संपलं. ही इथपर्यंत खाली येते. पाय पण लांब होतात.

प्रमिलाबाई : डोकं कोनती दिशाले येस त्यानं?

हितेंद्र : काय अक्का?

भिकन : झोपल्यावर डोकं कुठल्या दिशेला येतं, विचारते.

प्रमिलाबाई : उत्तरेले नको. तसं जित्ता मानूसले निजाडतस नही.

हितेंद्र : नाही अक्का. विमान पूर्वेकडे येतं, पाय पुढे असतात. डोकं पश्चिमेला.

प्रमिलाबाई : मंग चाली.

भिकन : आता गाड्या सांगा. कोणती कधी सुटते, कुठे बदलायची.

हितेंद्र : थेट विमानात आडवी खुर्ची महिनाभर नाही. लंडनला बदलायचं. दोन आहेत. एकात लंडनला दीड तास मिळतो, दुसऱ्यात पाच तास.

भिकन : पाच तासवालं. दीड तासात व्हीलचेअर येणार कधी, उतरवणार कधी. जोडगाडी सुटली तर पोऱ्या फलाटावर पडून राहील. मी तीस वर्षं बघितलंय, पहिली गाडी कधीच वेळेवर येत नाही.

हितेंद्र : मग परवा, गुरुवारी संध्याकाळी तिकडून निघेल. शुक्रवारी रात्री उशिरा मुंबई. अॅम्ब्युलन्स सांगून ठेवली की शनिवारी दुपारी भडगाव.

प्रमिलाबाई : शनिवारलेच जोयजे. रविवारले कानबाई माय घरमा बसी. शनिवारले सांजले तिना निवदना रोटना गहू मोजना पडतस. घरमा पाच बाप्या मानसं, एक एकनी सवा मूठ. दर साल स्वप्नीलनी मूठ मी टाकस, आनि त्याना वाटाना रोट ह्या खातस. औंदा तो सोता खाई.

भिकन : तेरा वर्षं त्याच्या नावाचा रोट मी खातोय. कंटाळलो.

हितेंद्र : आमच्याकडे औंदा रोट नाहीत अक्का. काकू गेल्या परवा. सुतकात कसली कानबाई.

प्रमिलाबाई : अरे भाऊ. कितल्या वयना व्हत्यात?

हितेंद्र : नव्वदीच्या होत्या. सुटल्या.

भिकन : जागा धरून ठेवल्या ना दोन्ही? स्वप्नील आणि सोबत दीपक. दीपक म्हणजे त्याच्या खोलीत राहतो तो, धुळ्याचा. त्याला साधी खुर्ची चालेल.

हितेंद्र : धरल्यात, चार वाजेपर्यंत. तुम्ही दिलेला तब्येतीचा फॉर्म कालच पाठवला कंपनीला. त्यांच्या डॉक्टरांचा होकार आला की तिकीट पक्कं. त्याचीच वाट बघतोय.

प्रमिलाबाई : तब्येतना कसाना फॉर्म? मनकाच तर दुखस त्याना.

भिकन : असतो तसा नियम.

हितेंद्र : थांबा, आलंच वाटतं. हे... हं.

भिकन : काय म्हणतात?

हितेंद्र : आबा, जरा बाहेर येता का? चहा घेऊ समोर.

प्रमिलाबाई : चहा अठेच मांगाड ना भाऊ. माले बी पेना शे.

हितेंद्र : नाही म्हणजे... आबा.

प्रमिलाबाई : त्यासनाकडे नको दखू. कागदवर काय शे ते वाच. इंग्रजी नको, सांग माले.

हितेंद्र : अक्का, विमान चढताना आणि उतरताना खुर्ची उभी करावी लागते. आडवी होणारी असली तरी. अर्धा-अर्धा तास तरी माणसाला सरळ बसावं लागतं. फॉर्मवर 'बसता येतं' असं लिहिलं होतं. कंपनीने तिथल्या हॉस्पिटलला विचारलं. तिथले डॉक्टर म्हणतात, बसता येत नाही. पंधरा दिवसांपासून.

प्रमिलाबाई : ह्या तर म्हनेत, काठी लिसन चालस. कोन लिखं त्या कागदवर, बसता येस म्हनीसन?

भिकन : दीपकनं. मीच सांगितलं त्याला, हो लिही म्हणून. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. दीपकनं धरून बसवलं असतं. डेपोत नाही का, गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली तरी मी वहीत वेळेवर लिहायचो. गाडी जायची ना शेवटी. कोणाचं काही अडायचं नाही.

हितेंद्र : इथे अडतं, आबा.

भिकन : मग स्ट्रेचर टाका. खुर्च्या काढून टाकतात म्हणे काही विमानांत.

हितेंद्र : तेही विचारलं होतं मी कालच, तुम्हाला न सांगता. त्यालाही नाही म्हटलंय. स्वप्नीलनं प्रवासच करू नये म्हणतात.

प्रमिलाबाई : काबरं?

भिकन : तिले नको सांगू, हितेंद्र.

प्रमिलाबाई : सांग रे भाऊ. मी माय शे त्यानी.

हितेंद्र : अक्का, मणक्यात गाठ आहे. पसरलीय ती. डॉक्टर म्हणतात... आठवडा. फार तर दहा दिवस. विमानात बसवला तर वाटेतच जाईल, असं स्पष्ट लिहिलंय.

प्रमिलाबाई : पानी दे जरा.

हितेंद्र : घ्या. हळूहळू प्या.

प्रमिलाबाई : तुम्हले कधी कळनं?

भिकन : तीन महिने झाले. आखाजीच्या आधी.

प्रमिलाबाई : आखाजीले मी सांजोऱ्या तळ्यात. डबा भरीसन दीपकनी बहीनना हाते धाडा. तुम्ही जोडे बसेल व्हतात, डबाले दोरी तुम्हीच बांधी. मन्हा पोऱ्या मरी ऱ्हायना व्हता आनि तुम्ही दोरी बांधेत.

भिकन : बरा होईल असंच सांगत होते गं आधी. मला वाटलं, घरी आणू, मग सांगू. इथे आला की सगळं सोपं होईल. तू रोज त्याच्याशी हसून बोलायचीस फोनवर. तेवढं तरी राहू दे म्हटलं.

प्रमिलाबाई : रोज म्हनस, माय, कानबाईले येस मी. त्याले बी माहीत व्हतं?

भिकन : त्याला सगळं माहीत आहे.

प्रमिलाबाई : दोन्ही बाप-लेक मन्हासंगे खोटं बोलेत.

हितेंद्र : अक्का, मी जरा बाहेर थांबू का?

प्रमिलाबाई : नको. तू बस. तुन्हं काम शे आते. तो येत नही ना, मंग मी जास. माले धाड.

हितेंद्र : अक्का, पासपोर्ट लागतो.

प्रमिलाबाई : काढेल व्हता ना फॉर्म. याच खुर्चीवर बसीसन अंगठा नही, सही करी व्हती मी. स्वप्नील पदवी ले ऱ्हायना व्हता ते साल. आते परत टाक. तव्हय सरकारनी नाकारा, आते नही नाकारनार. आते मानूस मराले टेकेल शे.

हितेंद्र : सरकारने? नाकारला नव्हता अक्का. तो अर्ज गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी आबा येऊन कागद परत घेऊन गेले. मला म्हणाले, अक्कांचा विचार बदलला. तुमचे दोन फोटो अजून आहेत बघा या फाईलमध्ये.

प्रमिलाबाई : दखू. हाई हिरवी साडी. स्वप्नीलनी शिकता शिकता पहिला पगारनी धाडेल व्हती.

भिकन : प्रमिला...

प्रमिलाबाई : नाकारा म्हनेत तुम्ही. घर येईसन, चप्पल काढता काढता सांगं. नाकारा म्हने, बायास्ना अर्ज लवकर घेतस नही. आनि मी मानं.

भिकन : तुला एवढा लांबचा प्रवास झेपला नसता. इंग्रजी नाही. दोन म्हशी होत्या दारात, कोण बघणार होतं. आणि खरं सांगू का, मला लाज वाटली. तिथे सगळे सुटाबुटात येणार, तू काहीतरी बोलशील, पोरं हसतील. म्हटलं, पुढच्या खेपेला नेऊ. पुढची खेप येईल असंच वाटतं ना माणसाला.

प्रमिलाबाई : हितेंद्रभाऊ, आज अर्ज टाका तर कितला दिन लागतस?

हितेंद्र : तातडीचा टाकला तरी पासपोर्टला तीन-चार दिवस. मग व्हिसा. त्याला मुंबईला मुलाखत. आजारपणाचे कागद जोडून लवकरची तारीख मागता येते, मी आत्ता बसून सगळं करतो. पण अक्का, खोटं कशाला सांगू. दोन आठवडे तरी. देतीलच असंही नाही.

प्रमिलाबाई : दोन आठवडा त्यानाजोडे नही शेतस.

हितेंद्र : नाहीत.

प्रमिलाबाई : ह्यासना?

हितेंद्र : आबांचा व्हिसा चालू आहे. पदवीच्या वेळचा, दहा वर्षांचा मिळालेला, दोन वर्षं उरलीत अजून. ते उद्या रात्री पण निघू शकतात.

प्रमिलाबाई : मंग ह्यासनं काढ.

भिकन : मी नाही जाणार. तुला इथे सोडून कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्यासमोर? तो विचारेल, माय कुठे.

प्रमिलाबाई : तुम्हना तोंडनं काय करसू मी. हात जोयजेत. त्याले पानी पाजाले कोनीतरी घरना मानूसना हात जोयजे. मन्हा नही जाई सकत, ते तुम्हना जाऊ द्या.

भिकन : मला नाही होणार ते.

प्रमिलाबाई : माले झेपाव नही, हाई तुम्हीच ठरावं. तुम्हले झेपस का नही, ते आते मी ठरावसू. भाऊ, दख कोनतं इमान शे.

हितेंद्र : साधा वर्ग सगळा भरलाय. कॉलेजं सुरू होतात ना तिकडे, पोरं चाललीत. उद्या मध्यरात्रीनंतरच्या विमानात एकच जागा आहे. बिझनेस क्लासची. लंडनला बदलून गुरुवारी दुपारी पोहोचतं. फक्त, लंडनला दीड तासच आहे. पाच तासवाल्यात शनिवारपर्यंत काही नाही.

भिकन : दीड तासवालं द्या.

हितेंद्र : तुम्हीच म्हणालात, पहिली गाडी वेळेवर येत नाही.

भिकन : पळेन मी.

हितेंद्र : बरं. खिडकी की मधली?

भिकन : कुठलीही. मी ती आडवी नाही करणार. बसून जाईन. त्याच्यासाठी बघत होतो आपण ती, मी काय तिच्यावर झोपू?

प्रमिलाबाई : आडवी करा. निजा. तठे गयात का निजाले भेटनार नही, त्याना जोडे जागनं शे. तठे डुलक्या लेशात आनि त्याच वखतले त्यानं काही व्हयनं तर मी तुम्हले कधी माफ नही करसू. वाटमाच झोप करी ल्या.

भिकन : बरं.

हितेंद्र : जेवणाचं काय लिहू?

प्रमिलाबाई : बिनकांदा, बिनलसून. श्रावन शे.

हितेंद्र : आणि... परतीची तारीख विचारतंय, आबा.

भिकन : काय लिहायचं?

हितेंद्र : मोकळी ठेवता येते. नंतर बदलू. तूर्त काहीतरी टाकतो.

भिकन : टाका तुम्हीच. मला नका विचारू.

हितेंद्र : झालं. हा घ्या कागद. पासपोर्टसोबत ठेवा. उद्या दुपारची गाडी धरा, म्हणजे मुंबईत हातात वेळ राहील. अक्का, तुमचाही अर्ज टाकू का मी? टाकून ठेवतो.

प्रमिलाबाई : नको भाऊ. कोनले भेटाले जाऊ मंग? तो फोटो माले दे. एकच दे. दुसरा ह्यासनाजोडे दे.

भिकन : फोटो त्याच्या उशाशी ठेवतो मी. आणि त्याला खरं सांगतो. तुझा अर्ज मी परत घेतला होता म्हणून.

प्रमिलाबाई : त्याले काही नका सांगू. जाताना बापवर राग लिसन नको जावाले. त्याले सांगा, माय गहू निसी ऱ्हायनी. आनि माले फोन करज्यात.

भिकन : रोज करीन.

प्रमिलाबाई : रोज नका करू. शनिवारले करा, सांज व्हवाना आधी. मी गहू काढीसन बससू. आते वहीमा लिखतस तसं नका सांगज्यात. मूठ भरू, का गहू परत कोठीमा टाकू, तेवढंच सांगा.