ठेंगूंच्या गावाला कुलूप

— आणि आपल्या गेममध्ये मेपलच्या पाकानं जखमा भरतात ही कल्पना माझी नव्हे, एवढं आधी सांगून ठेवते. ती ट्रेव्हरची, आपल्या साहेबाची. बस ना, अवघडून बसू नकोस, ती खुर्ची कुरकुरते पण मोडत नाही. चहा घे. बॅनॉक घे— घरची भाकरीच समज, आज जरा चिवट झालीय, चहात बुडवून खा. तू टोरांटोहून आलास म्हणजे ट्रेव्हरनं तुला त्याच्या पद्धतीनं सगळं सांगितलं असणार— विनिपेगला लोर्ना फ्लेट म्हणून एक बाई आहे, घरून काम करते, हट्टी आहे, तिच्याशी गोड बोल. सांगितलं ना? हसलास म्हणजे सांगितलं. असू दे. मी छप्पन्नची आहे, प्रेस्टन, आणि आपल्या या गेमच्या धंद्यात छप्पन्न म्हणजे स्मशानात गोवऱ्या गेल्यासारखंच. तू काय, पंचवीसचा? वाटलंच.

तर मे महिन्यात ट्रेव्हरच्या अंगात आलं. आपण कॅनडातली कंपनी, मग आपल्या गेममध्ये कॅनडा कुठाय? ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, ते लांब कानांचे तिरंदाज आहेत, पण हे काय, कुठल्याही देशाचं असू शकतं. एक जुलैला देशाचा वाढदिवस, त्याच्या आत कॅनडा घाला. घाला म्हणे— आमटीत मीठ घालावं तसं. मग बसले सगळे. ट्रेव्हर म्हणाला पाक. एक म्हणाली बीव्हर प्राणी धरणं बांधतील आणि त्यावरून नदी ओलांडता येईल— हे बरं होतं, मला आवडलं ते. मग मूसवर, त्या थोरल्या सांबरावर, स्वारी. मग तिरंदाजांनी बाण मारला की लगेच सॉरी म्हणायचं, आपण कॅनडावाले ऊठसूट म्हणतो तसं. तर ट्रेव्हर म्हणतो, लोर्ना, तू तर खरीखुरी उत्तरेकडची, तू काहीतरी अस्सल दे. आता अस्सल म्हणजे काय देऊ? आमचं गाव पार वर, हडसनच्या उपसागराच्या काठावर, तिथं मेपलचं पान मी लहानपणी फक्त झेंड्यावर पाहिलेलं. तिथली झाडं कमरेला लागतात.

म्हणून मी गाव दिलं. आमचंच गाव. फक्त माणसांच्या जागी ठेंगू लोक ठेवले, दाढ्या लावल्या, घरांवर पत्रे नकोत म्हणाले म्हणून गवत घातलं, बाकी सगळं तेच. घरात शिरलं की बूट आपोआप निघायचे. तू हसतोस, पण त्यानंच केवढा घोळ झाला— खेळणाऱ्यांचे ते जादूचे बूट, महिनोन् महिने खपून मिळवलेले, उंबऱ्याशी निघायचे आणि दुसराच कुणी घालून पसार व्हायचा. तक्रारींचा नुसता ढीग. ते मी मुकाट्यानं बदललं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, मान्य. आमच्याकडे फार तर कुणी चुकून दुसऱ्याचे घालून जातं आणि सकाळी आणून देतं.

पण दारं— हां, दारांवर आलो, तू त्यासाठीच आलायस. मी दार बनवलं तेव्हा त्याला बिजागऱ्या दिल्या, मूठ दिली, थंडीत लाकूड आकसल्यावर जो आवाज होतो तो दिला, आणि कुलूप दिलं नाही. ट्रेव्हरनं विचारलं, विसरलीस का? आता याला काय उत्तर द्यायचं. विसरायला ती गोष्ट आधी डोक्यात असावी लागते ना? माझ्या डोक्यात दार म्हटलं की कुलूप येतच नाही. आमच्या गावात कुणी लावतच नाही. घराला नाही, गाडीला नाही. शिस्त म्हणून नाही रे, आम्ही काही साधुसंत नाही— अस्वलं. पांढरी अस्वलं. समुद्र गोठायच्या आधी उपाशी अस्वलं किनाऱ्यावर वाट बघत असतात आणि कंटाळली की गावात येतात. रस्त्यात समोर आलं तर जे जवळचं दार असेल त्यात शिरायचं. कुणाचं का असेना. आणि ते उघडं असायलाच हवं. त्या वेळी मुठीला हिसका देत बसायला वेळ नसतो.

माझे बाबा, अँगस— धक्क्यावरून घरी येत होते, धुकं हे असं, आणि दोन घरांच्या मधोमध अस्वल. शिरले सिंक्लेअरांच्या स्वयंपाकघरात. सिंक्लेअर मंडळी पत्ते खेळत बसलेली. कुणी विचारलं नाही, काय रे कसा काय आलास. खुर्ची सरकवली, पानं वाटली. अस्वल बाहेर दाराशी बसलेलं आणि बाबा आत पत्ते खेळतायत, आणि सगळे डाव हरतायत. घरी आले तेव्हा जेवण गारढोण, आणि आई चिडली ती एवढ्याचसाठी की सिंक्लेअरांकडे जेवून आलात तर निरोप नाही का पाठवायचा. अस्वलाचं नावही काढलं नाही तिनं. ही आमच्याकडे गोष्ट म्हणूनही सांगत नाहीत, प्रेस्टन. तुला सांगतेय कारण तुला सांगावी लागतेय.

आणि मी अस्वलही केलं होतं की. दारांआधी अस्वल केलं. धुक्यातून यायचं, आवाज न करता. तलवारीनं मरत नाही, जादूनं मरत नाही, त्याच्यापुढे एकच करता येतं— जवळच्या दारात शिरायचं. ट्रेव्हरनं ते चाचणीतच काढून टाकलं. म्हणे, ज्याला मारता येत नाही असं गेममध्ये काही नको, खेळणारे वैतागतात. अरे, वैतागायचंच असतं अस्वलाला! मग काय झालं? अस्वल गेलं आणि उघडी दारं राहिली. ज्याला दारं उघडी का आहेत हे माहीत नाही त्याला काय वाटणार? त्याला वाटणार, लूट आहे. एका संध्याकाळीत गाव धुऊन नेलं. घोंगड्या नेल्या, किटल्या नेल्या, सुकवलेले मासे नेले, एका ठेंगू म्हातारीच्या चुलीवरचं सूप भांड्यासकट नेलं. ती रिकाम्या चुलीत पळी फिरवत उभी, कारण तिला मी तेवढंच शिकवलेलं. आणि तक्रार काय आली माहितीय? दारं बिघडलीत, लागत नाहीत. लुटणाऱ्यांनीच केली तक्रार! दार बिघडलेलं नाही, हे मी ट्रेव्हरला तीनदा सांगितलं, तरी त्याला कुलपंच हवीत.

आणखी चहा? घे रे. बाहेर तर बघ, पाच वाजले नाहीत तोवर अंधार. तुझी गाडी लावलीयस ना विजेला, इंजिन गोठेल हं. — काय? तो आवाज? आई आहे ती. आत असते. नाही, तिला त्रास नाही होत आपला, या वेळेला ती तिच्या कामात असते.

काम म्हणजे— जाऊ दे. बरं, सांगते. आलायस एवढ्या लांब. बाबा गेल्यावर आईला मी इकडे घेऊन आले. इडा नाव तिचं. पहिली काही वर्षं ठीक होती, मग हळूहळू निसटायला लागलं तिच्या हातून, आधी नावं, मग महिने. तुला सांगू, गावात अस्वलांच्या दिवसांत तिचा एक नेम होता. दक्षिणेकडून नवीन माणसं यायची, शाळेतले मास्तर, नर्सा, आणि ती बिचारी सवयीनं आतून कडी लावून झोपायची. तर आई रोज अंधार पडायच्या सुमाराला बॅनॉकचा तुकडा फडक्यात बांधून निघायची आणि एकेका घराची मूठ फिरवून बघायची. उघडलं तर पुढे. नाही उघडलं तर ठोठवायची, बॅनॉक हातात द्यायची आणि सांगायची, राजा, लावू नकोस हं, कुणीतरी पळत येत असेल. बस, एवढंच. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

आता हे तिचं इथं सुरू झालं. विनिपेगला! गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या झग्यावर माझे बूट चढवून बाहेर पडली आणि आख्ख्या रस्त्यातल्या दारांच्या मुठी फिरवत गेली. लोकांना वाटलं चोर. एका घरातला माणूस हॉकीची काठी घेऊन बाहेर आला, आणि ही त्याला म्हणते, राजा, लावू नकोस हं. पोलीस घेऊन आले. चांगली होती पोरं, पाय पुसून आत आली, तिला घोंगडी गुंडाळलेली. मला म्हणाली पोरं, बाई, या थंडीत पुन्हा गेली तर सकाळी सापडेल ती कशी सापडेल ते तुम्हाला माहितीय, दाराला वर कुलूप बसवा, तिचा हात पोचणार नाही असं. मग बसवलं. मीच. स्टुलावर चढून, मीच स्क्रू पिळले, आणि ती खाली उभी राहून बघत होती. भांडली नाही. नुसती त्या दाराजवळ खुर्ची ओढून बसायला लागली, रोज, अंधार पडला की. जेवायला उठायची नाही. मी हात धरून उठवलं की म्हणायची, कुणी आलं तर गं? कुणी येत नाही आई. कुणी आलं तर? — तू कधी महिनोन् महिने एकच प्रश्न ऐकलायस, प्रेस्टन? नको ऐकूस. मी दमलेय रे. खरंच दमलेय. कधीकधी मी तिच्यावर ओरडते.

आणि मग ते गाव करत होते मी. मे-जूनमध्ये. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे सिंक्लेअरांचं. ठेंगू, दाढ्या, गवत, काही दिसलं नाही तिला. हे सिंक्लेअरांचं, आणि हे फ्लेटांचं, आपलं. आणि म्हणाली, मूठ कशी फिरवायची? मी दाखवलं— या चार बटणांनी चालायचं, हे दाबलं की मूठ. बसली. पहिलं दार उघडलं. पुढचं उघडलं. सगळं गाव फिरली, एकूणएक दार, आणि शेवटचं उघडल्यावर म्हणाली, चला, झालं, आणि उठून जेवायला आली. स्वतः उठून. त्या रात्री ती झोपली, म्हणून मी झोपले.

तेव्हापासून रोज. ते चालू आहे ना आत, तेच. तिला गेम आहे हे कळतं का? काही दिवस कळतं. काही दिवस तिथल्या ठेंगूंना ती नावानं हाका मारते. त्या लुटारूंनी किटल्या नेल्या तेव्हा तिनंच मला विचारलं, सिंक्लेअरांची किटली कुठं गेली गं? म्हणून मी सकाळी उठून, कंपनीचं काम सुरू करायच्या आधी, सगळ्या घरांत किटल्या परत ठेवते. एकेक. घोंगड्या घडी करून. त्या म्हातारीच्या चुलीवर सूप. हे ट्रेव्हरला सांगायचं नाही हं. हे मी तुलाही सांगणार नव्हते. मी तुला अस्सलपणा वगैरे सांगणार होते, आपल्या देशाची ओळख, खेळणाऱ्यांना काय शिकायला मिळेल— तयारी केली होती मी सकाळपासून.

आता ऐक. मी भांडणार नाही. चोरी थांबवायचीय ना तुम्हाला? थांबवा. घरं रिकामी करा, एक वाटी ठेवू नका. अस्वल नको तर नको. ठेंगूंनाही हलवा हवं तर दुसरीकडे, आणि ते बीव्हरसुद्धा. मला फक्त मूठ फिरली की दार उघडायला हवं, बाकी माझं काही म्हणणं नाही. तेवढं तू ट्रेव्हरला तुझं म्हणून सांग, माझं म्हणून नको, माझं तो ऐकत नाही. सांग की यात खर्च नाही. सांगशील ना? पोरा, मी कुणाकडे काही मागत नाही सहसा. आणि तू कुलपं लावायला आलायस, तर आज नको लावूस, आज राहा इथं शहरात, उद्या सकाळी आपण दोघं बसून—

काय? असा काय बघतोयस? बॅनॉक खाली ठेवलीस. बोल ना. ... लावली? कुलपं? कधी? आज? ... मग तू आलायस कशाला? ... मला सांगायला. फक्त सांगायला. ट्रेव्हरनं पाठवलं, फोनवर बरं नाही दिसत म्हणून. ... नाही, तू कशाला सॉरी म्हणतोस.

— काय गं आई? ... कुणाचं उघडत नाही? सिंक्लेअरांचं? ... आणि शेजारचं? ... आपलंही?

तू नीघ, प्रेस्टन. नाही, काही बोलू नकोस, कोट घे आणि नीघ.

— येते गं, आले. थंडीनं धरलं असेल, खांदा लावून बघ जरा. ठोठव. आत माणसं आहेत आई, उघडतील.