विचारून गेलेली वाट

— तारीख घाला वरती, कारकूनसाहेब. सन दोन हजार पंचवीस, चैत्र. उन्हाळी कांदा काढायला आलाय, टेम्पो भिंतीपलीकडं उभा हाय, आत येत न्हाई. तुमीबी शिडीवरनंच उतरलात ना? तेबी लिहा. काय म्हणता, वकीलसाहेबांना त्याची गरज न्हाई? बरं. मग लिहून आणलंय ते वाचा पुन्यांदा. सावकाश. मी चौथीपतूर शिकलोय, पर कान शाबूत हायेत.

थांबा. हितं. ‘अर्जदार सूर्यभान याने सदर वाटेसाठी कधीही परवानगी घेतली नाही.’ — हे कुणी सांगितलं? मी न्हाई. तुमच्या साहेबांनी मला दोन इंग्रजी शब्द दिले, चार दिवस घोकतोय — इझमेंट आन् लायसन्स. लायसन्स मला गाडीचं ठाऊक हुतं, हे येगळंच. दुसऱ्याच्या रानातनं वीस वर्सं न विचारता गेला, तर ते इझमेंट — मालक मेला, रान विकलं, तरी वाट तुमची. आन् विचारून गेला तर लायसन्स — त्याची मर्जी हाय तवर वाट, मग भिंत. म्हंजे दांडगाईनं गेला त्याला हक्क, रीतीनं गेला तो कोंडला. असंच ना?  

मी चाळीस वर्सं विचारलं. ज्याच्या रानातनं वाट, त्या बन्सीच्या ओट्यावर दर पाडव्याला नारळ ठेवायचो — औंदा जाऊ का? तो म्हणायचा, “तुला कोण अडवतंय, म्हाताऱ्या?” माझ्याहून दोन वर्सांनी थोरला, आन् म्हातारा मी. एकाच साली विचारायला गेलो न्हाई. अश्विनी, माझी लेक, तापानं पडली हुती त्या साली. पावसानं वाट खचलेली — बन्सीनं मी न सांगता उभ्या पिकातनं मुरूम टाकला, गाडी दारापतूर यावी म्हणून. गाडी आली, पर पोर वाचली न्हाई. उशीर गाडीनं न्हाई केला. मी केला — दोन दिवस म्हणत बसलो, उतरंल ताप, कशाला लोकांपुढं हात पसरायचा — हे लिहू नका.

आता बन्सी न्हाई. त्याच्या पोरानं रान गोडाऊनवाल्याला विकलं, त्यानं भिंत घातली. आन् मी कोर्टात सांगू, बन्सीला कधी विचारलंच न्हाई? त्यानं काय दिलंच न्हाई मला?

खोडा ती ओळ. लिहा — विचारलं. एक साल सोडलं तर दरसाल विचारलं, त्यानं दरसाल वाट दिली. केस जाईल, ठाऊक हाय. कांदाबी जाईल. अंगठ्याची शाई ठेवा तिकडं, सही येती मला. — ही घ्या. बन्सीचं फिटलं.