बायकांची मिरी

डॉक्टर : नाही, मला काही विकत घ्यायचं नाही. एवढंच सांगा, ही चिठ्ठी तुम्ही लिहिलीत का?

मोठी : थांबा, चष्मा लावते. कुत्र्याचे पाय मांजराला लावल्यासारखं अक्षर आहे, म्हणजे माझंच. का? तुम्ही कोण?

डॉक्टर : मी डॉक्टर. नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात असते. एक शाळेतल्या बाई ही चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या.

मोठी : अस्सं. म्हणजे आमच्या झाडपाल्याच्या दुकानाला कुलूप लावायला आलात. लावा. पण आम्हा दोघी बहिणींचं पोट याच्यावर आहे, तेवढं लक्षात असू द्या. आणि मी कुणाला भलतंसलतं देत नाही. चाळीस वर्षं झाली या गल्ल्यावर बसून, एकीनं येऊन शिव्या घातल्या नाहीत.

डॉक्टर : मावशी, मी कुलूप लावायला आले नाही. मला बसायला मिळेल का?

मोठी : ते पोतं बाजूला सारा आणि त्या स्टुलावर बसा. पाय एक डुगडुगतो, तिकडे भार देऊ नका. बोला आता.

डॉक्टर : चिठ्ठीत लिहिलंय, “हिला फळं दिली नाहीत. पाळी सात महिने बंद, पोटात मूल नाही, तरी छातीत दूध. दोन्ही कडांचं दिसत नाही. डोक्याच्या आतला फोटो काढा, लवकर.” एवढंच. खाली सही नाही, नाव नाही.

मोठी : सही कशाला? तो काय दस्तऐवज होता?

डॉक्टर : त्या बाई तीन डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. एकानं गरोदरपणाची तपासणी केली. दुसऱ्यानं सांगितलं, मनावर ताण आहे, सुट्टी घ्या. तिसऱ्यानं चष्म्याचा नंबर बदलून दिला. तिघांनाही एकेकच गोष्ट सांगितली गेली, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. पण या तीन गोष्टी एका ओळीत कुणी लिहिल्या नव्हत्या. त्या तुम्ही लिहिल्यात.

मोठी : ती जिवंत आहे ना?

डॉक्टर : आहे. चांगली आहे.

मोठी : मग आधी ते सांगायचं. तुम्ही डॉक्टर लोक गाभा शेवटी ठेवता.

डॉक्टर : चुकलं. त्यांच्या डोक्यात, डोळ्यांच्या मागे, गाठ निघाली. मारणारी नव्हे, पण वाढणारी. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे खालून दाबत होती. अजून थोडे महिने गेले असते तर दृष्टी गेली असती.

मोठी : कापलं डोकं?

डॉक्टर : नाही कापावं लागलं. गोळ्या आहेत तिच्यावर. पाच आठवडे झाले, गाठ आकसतेय. परवा त्या म्हणाल्या, कडेच्या बाकावरची मुलं पुन्हा दिसायला लागली. आधी त्यांना वाटायचं, ती मुलं हातच वर करत नाहीत.

मोठी : हं.

डॉक्टर : मावशी?

मोठी : काही नाही. डोळ्यात भुकटी गेली. या दुकानात रोजचंच आहे ते.

डॉक्टर : तुम्हाला कडांचं कसं कळलं?

मोठी : ती आली, उभी राहिली तिथे, तुमच्या डाव्या हाताला. वळली आणि बरणी पाडली. चूक झाली म्हणाली, मागे सरकली, तर उजवीकडची पाडली. एक बरणी पडली तर वेंधळेपणा. दोन्ही बाजूंच्या पडल्या म्हटल्यावर मी ओळखलं, हे वेगळं आहे. मी तिला समोर बसवलं. म्हटलं, माझ्या नाकाकडे बघ, हलू नकोस. आणि दोन्ही हात असे लांब धरले, बोटं हलवत हलवत कानामागून पुढे आणले. म्हटलं, दिसली की सांग. बोटं तिच्या गालापाशी आली तेव्हा ती ‘हं’ म्हणाली.

डॉक्टर : हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मोठी : शिकवायला काय आहे त्यात? बोटं हलवायची.

डॉक्टर : मावशी, हीच तपासणी आम्हाला शिकवतात. अगदी अशीच. समोर बसायचं, नाकाकडे बघायला सांगायचं, बोटं कडेनं आत आणायची. मी ती परीक्षेत धडधडत्या छातीनं करून दाखवली होती. तुम्ही ती स्वतः शोधून काढलीत.

मोठी : शोधली कसली. घरात एक माणूस तसं होताना बघितलं की आपोआप येतं.

डॉक्टर : घरात?

मोठी : ते राहू द्या. तुम्ही फळांचं विचारायला आलात ना?

डॉक्टर : तेही विचारायचं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्या तुमच्याकडे ‘बायकांची मिरी’ मागायला आल्या होत्या. ती म्हणजे कुठली?

मोठी : ही बघा. मिरीसारखी दिसते, पण मिरी नव्हे. निळ्या तुऱ्यांचं झुडूप असतं, ओढ्याकाठी वाढतं. तुरे झडले की ही फळं धरतात. चावून बघा. एकच.

डॉक्टर : तिखट आहे. आणि कडू.

मोठी : कडू मागाहून येतं. आमच्या आईच्या आईपासून देतोय. पाळीआधी जिची छाती ठणकते, जी घरादारावर डाफरते, जिचे महिने पुढेमागे होतात, तिला. पोट दिसतंय, अंगावर पाजतेय, तर नाही. आणि जी डॉक्टरच्या गोळ्या घेतेय तिला मी सांगते, आधी त्याला विचार.

डॉक्टर : हे बरं करता. मावशी, हे फळ शरीरात कुठे जाऊन काम करतं असं तुम्हाला वाटतं?

मोठी : गर्भाशयात. दुसरं कुठे? आई म्हणायची, खाली जाऊन घडी बसवतं.

डॉक्टर : खाली नाही. वर.

मोठी : वर म्हणजे?

डॉक्टर : डोक्यात. इथे, भुवयांच्या मधून सरळ आत गेलं तर कवटीच्या तळाशी हाडाची एक इवलीशी खोबण आहे. तिच्यात एक ग्रंथी बसलेली असते. वाटाण्याएवढी. पाळी कधी यायची, दूध कधी उतरायचं, अंगाची वाढ, थंडी सोसायची ताकद, सगळ्याचे निरोप तिथून निघतात. या फळावर थोडा अभ्यास झालाय, अजून पुष्कळ व्हायचाय. पण जे दिसलंय ते असं, की यातलं काहीतरी त्या ग्रंथीला सांगतं, दुधाचा निरोप जरा कमी पाठव.

मोठी : म्हणजे मी चाळीस वर्षं बायकांच्या डोक्याचं औषध देतेय.

डॉक्टर : असं म्हणता येईल.

मोठी : आणि सगळ्या पोटावर हात ठेवून उभ्या असायच्या. मीही त्यांच्या पोटाकडे बघायचे. वाटाण्याएवढी म्हणालात?

डॉक्टर : यातली दोन फळं शेजारी ठेवा. साधारण तेवढी.

मोठी : एवढीशी. आणि तिच्या तालावर सगळ्या बायका, आई झालेल्या, न झालेल्या, सगळ्या. अंगावर काटा आला बघा माझ्या.

डॉक्टर : मला अजून येतो. मी रोज त्या ग्रंथीचे फोटो बघते, तरी येतो. आणि ज्या गोळ्यांनी त्या बाईंची गाठ आकसली ना, त्याही त्याच दरवाज्यावर टकटक करतात. तुमचं फळ हळू, त्या गोळ्या जोरात. म्हणून तुमची चिठ्ठी वाचून मी चक्रावले. ज्या रोगात हे फळ थोडंफार लागू पडलं असतं, नेमकं तिथेच तुम्ही ते दिलं नाहीत.

मोठी : लागू पडतं म्हणूनच दिलं नाही.

डॉक्टर : कळलं नाही मला.

मोठी : डॉक्टरबाई, एक विचारते. खरं सांगाल?

डॉक्टर : माहीत असेल तर खरं सांगेन.

मोठी : एकोणीस वर्षांची पोर. लग्न ठरलेलं. पाळी बंद होते. मग एक दिवस कपड्यांवर ओल दिसते, छातीतून दूध. आई कोण, तर हेच दुकान चालवणारी, शेकडो बाळंतिणी बघितलेली. मूल अंगावरचं सुटलं, दूध आटवायचं झालं, की ती हीच फळं द्यायची. तिनं पोरीला दिली. पंधरा दिवसांत दूध कमी झालं. आई म्हणाली, बाळंतिणीचं दूध या फळांनी आटतं, हिचंही आटलं. म्हणजे ही बाळंतीण. म्हणजे हिनं कुठेतरी मूल जन्माला घातलं आणि टाकलं.

डॉक्टर : देवा.

मोठी : लग्न मोडलं. वडील तिच्याशी बोलेनासे झाले ते मरेपर्यंत. पोर डोकं धरून बसायची, तर म्हणायचे, पाप डोक्यात चढलंय. दाराच्या चौकटींना आपटायची, कधी या खांद्यानं, कधी त्या, तर म्हणायचे, लक्ष ठिकाणावर नाही, त्या टाकलेल्या पोराचाच विचार करत असेल. दीड वर्ष असं गेलं. मग एका दुपारी तिचं डोकं असं दुखलं की ती जमिनीवर लोळली, ओकली, शुद्ध गेली. तीन दिवसांनी डोळे उघडले तर काही दिसेना. तेव्हापासून दूधही बंद.

डॉक्टर : पाळी?

मोठी : पुन्हा कधीच नाही. म्हणून त्या शाळेतल्या बाईला फळं दिली नाहीत; दूध आटलं असतं आणि डोळे जाईपर्यंत कुणी डोकं बघितलं नसतं. सांगा आता. बिनमुलाचं दूध येऊ शकतं? लग्न न झालेल्या, काही म्हणजे काही न केलेल्या पोरीला?

डॉक्टर : येऊ शकतं. मावशी, तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही. पण तुम्ही जे सांगितलंत ते ऐकून माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो उभा राहिला. गाठीनं दूध आणलं, पाळी थांबवली, कडा झाकल्या. मग त्या दुपारी गाठीच्या आत रक्तस्राव झाला, ती एकदम फुगली, दृष्टी घेऊन गेली आणि तिथेच मेली. म्हणून दूध थांबलं. याला मूल लागत नाही. पुरुषही लागत नाही. पुरुषांनाही होते ही गाठ.

मोठी : पुरुषांनाही.

डॉक्टर : हो. आणि फळांनी दूध आटलं यावरून मूल झालं होतं हे मुळीच सिद्ध होत नाही. फळाला काय माहीत, निरोप बाळानं पाठवायला लावलाय की गाठीनं.

मोठी : आईला हे सांगायला हवं होतं कुणीतरी.

डॉक्टर : ती मुलगी तुमची कोण?

(आतल्या खोलीचा पडदा सरतो. एक वृद्धा चौकटीवर बोटं टेकवत बाहेर येते, अंगावर जाड लोकरी शाल.)

धाकटी : ती मुलगी मी. ताई, उठू नकोस, मी येते. आवाजावरून कळतंय डॉक्टरबाई कुठे बसल्यात ते. डुगडुगत्या स्टुलावर.

डॉक्टर : बसा ना इथे. माझा हात धरा.

धाकटी : तुमचा हात गरम आहे. माझे कायम बर्फ. उन्हाळ्यातही.

डॉक्टर : कायम? आणि थकवा?

धाकटी : फळं निवडते दिवसभर. खडे, काड्या बोटांना लगेच लागतात. पण दुपारी चार पावलं चालले की आडवं व्हावंसं वाटतं. लोक म्हणतात, वय झालं. मला तर विशीपासून असंच आहे.

डॉक्टर : ती ग्रंथी गाठीबरोबर अर्धीअधिक गेली असेल. थंडी सोसायची ताकद, अंगातला जोर, हे निरोप पन्नास वर्षं तुम्हाला पुरते मिळालेच नसतील. तुम्ही उभ्या आहात कशा याचंच मला नवल वाटतंय. उद्या सकाळी उपाशीपोटी या. रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू. डोळे परत येणार नाहीत, ते मी आत्ताच सांगते. पण थंडी जाऊ शकते. थकवाही. रोजच्या एकदोन गोळ्या असतात.

धाकटी : थंडी जाईल?

डॉक्टर : बहुतेक.

धाकटी : फोटोत ती मेलेली गाठ दिसेल का अजून?

डॉक्टर : तिची रिकामी जागा दिसेल. बहुतेक दिसेल.

धाकटी : मग तो फोटो मला द्या. मला दिसणार नाही, पण घरात असू दे. त्या ग्रंथीएवढं काय म्हणालात मघाशी? दोन फळं?

डॉक्टर : हो. हात पुढे करा. ही अशी, शेजारी शेजारी.

धाकटी : एवढ्याशानं आमचं घर उलटंपालटं केलं. वजनसुद्धा लागत नाही हाताला. नवल आहे, डॉक्टरबाई. मला राग यायला हवा, पण नवलच वाटतंय. माझ्या डोक्यात एवढं काहीतरी बसलं होतं आणि मला वाटायचं, देवानं मला विनाकारण निवडलं.

मोठी : धाकटे.

धाकटी : काय गं?

मोठी : मीसुद्धा मानलं होतं. आई म्हणाली म्हणून नाही. ते दूध मी डोळ्यांनी बघितलं होतं. तुला रात्रंदिवस विचारलं, कुणाचं, कुठे ठेवलंस. पुढे डोळे गेले, मी तुला सांभाळलं, पण मनातून तो संशय कधी गेला नाही. चाळीस वर्षं या गल्ल्यावर बसून तुझं एखादं पोर दारात येईल म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

धाकटी : माहीत आहे.

मोठी : तुला कसं माहीत?

धाकटी : तरणी पोरं दुकानात आली की तुझा आवाज बदलायचा.

मोठी : मग एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस. भांडायचंस माझ्याशी. का नाही बोललीस?

धाकटी : बोलले होते, ताई. पहिल्याच दिवशी.

मोठी : आज परत सांगशील?

धाकटी : मला मूल झालं नव्हतं.

मोठी : नव्हतं झालं गं.