बिल्ले ठोकलेली झाडं

दाढ सुजल्यामुळे शिंपीणबाईंचं तोंड बंद होतं. कान मात्र दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली एक बाई आणि एक काका यांच्या बोलण्यात होते.

"टेकडीवरचं जंगल रबराच्या लागवडीसाठी तुम्हीच पाडलंत ना, काका?"

"मीच. मशीन माझ्याच हातात असतं. शिव्या द्यायच्यात? द्या. या दाढेपेक्षा जास्त दुखणार नाहीत."

"मग वरचा तुकडा का सोडलात?"

"तिथल्या झाडांना नंबराचे बिल्ले ठोकलेत. मला वाटलं, खाली माणसं पुरलीत. मालक ओरडला, तर म्हटलं, मशीन वर चढत नाही."

"अहो, ते बिल्ले माझे! कोणतं झाड किती जाड झालं, ते मी दरवर्षी मोजते. लेक जन्मायच्या आधीपासून. सगळं गेलं म्हणून रडून मोकळी झाले होते मी!"

"म्हणजे खाली कुणी नाही?"

"कुणी नाही."

"आणि मी येडा तिथून जाताना टोपी काढतो!"

"काढत जा, काका. आता मीही थांबत जाईन तिथं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी ही दाढ निघू दे, मग बघू."

"पुढचा नंबर!" आतून हाक आली.

नंबर शिंपीणबाईंचा होता. एका हाताने सुजलेला गाल सावरत त्यांनी आपली चिठ्ठी काकांच्या हातात कोंबली.