लिमयेकाकूंची हाक

अलिबागची सहल म्हटली की मला समुद्र नाही, बापट आठवतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या हास्यक्लबात रोज येऊन कधीही न हसणारा एकमेव माणूस!

अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. आम्ही क्लबवालेही गेलो आणि गप्पांच्या नादात निघायला उशीर केला. परतताना पाणी घोट्यापर्यंत आलेलं. लिमयेकाकू पुढे होत्या. काका गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच सहल. चालता चालता त्या मागे वळून ओरडल्या, "अहो, चला लवकर! पाणी चढतंय!"

झाडून सगळे नवरे दचकले. मग कोणाला हाक मारली ते आमच्या लक्षात आलं, आणि काकूंच्याही. त्या तिथेच थांबल्या, किल्ल्याकडे बघत. पाणी वाढत होतं, पण "काकू, चला" म्हणायचा कोणाला धीर होईना.

तेवढ्यात मागून बापट खेकसले, "आलो हो! ओरडता कशाला? बहिरा नाहीये मी. तुम्ही व्हा पुढे!"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "हेही अगदी अस्संच म्हणायचे," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

बसमध्ये बापटवहिनींनी नवऱ्याला हळूच सुनावलं, "घरी माझ्या हाकेला कधी अशी ओ दिली नाहीत!"



परवा मी बापटांच्या दारात चपला काढत होते. आतून वहिनींनी "अहो" म्हटलं, आणि लगेच ओ आली. खेकसूनच, पण पहिल्या हाकेला.