बंद केलेला भोंगा

लोक ॲम्ब्युलन्सला वाट देतात का, असं मला विचारूच नका. देतात. कधी देतात, तेवढं ऐका.

वरणगावहून एका नानांना घेऊन जळगावला निघालो होतो. मागे आमचे डॉक्टर आणि नानांची बायको, अक्का. पुढची पांढरी कार काही केल्या बाजूला होईना. कशीबशी गाडी तिच्या शेजारी घेतली, तर कारवाला काच खाली करून म्हणतो, "रिकाम्या गाड्या पळवता तुम्ही, सगळं माहितीये आम्हाला!"

तेवढ्यात आरशात पाहिलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पेशंट गेला की आम्ही भोंगा बंद करतो. हात आपोआप बटणावर गेला.

मागून अक्कांनी विचारलं, "भाऊ, भोंगा काहून बंद केला?"

मी परत चालू केला.

आणि मग ट्रक सरकले, मोटारसायकली थांबल्या, ती पांढरी कारसुद्धा चाकं मातीत उतरवून उभी राहिली. जळगावपर्यंत ब्रेकला पाय लावावा लागला नाही.

मागे अक्का नानांचे तळपाय चोळत त्यांना सांगत होत्या, "पाहा, लोकं कसे वाट देऊन राहिले. आता पोचलोच आपण."